पुढचं चाक

आत्याने फक्त गाडीचं नाव विचारलं होतं. "ही पॅकार्डच ना गं? आपल्याकडे सगळे पॅकार्डच म्हणायचे." एवढाच निरोप, आणि खाली फोटोचा मोबाइलवर काढलेला फोटो. फ्रेमच्या काचेवर खिडकीचा उजेड चमकलेला. फोटोत एक उंच माणूस, अंगात लांब कोट, एक पाय मोटारीच्या फूटबोर्डवर, एक हात पुढच्या काचेच्या चौकटीवर. हा फोटो मी कळायला लागल्यापासून पाहत आलेय. आत्याच्या बाहेरच्या खोलीत दाराच्या वर तो असतो. ते आमचे पणजोबा, आणि मोटार त्यांची, असंच सगळे म्हणत आले. पणजोबा १९१८ च्या साथीत गेले तेव्हा माझे आजोबा चार वर्षांचे होते. वडील म्हणून त्यांच्या वाट्याला जे आलं ते बहुतेक एवढंच, ही चौकट. हे सगळं मला पाठ होतं. तरीही त्या रात्री मी फोटो मोठा करून करून बघत बसले आणि तासाभराने उत्साहाच्या भरात उत्तर धाडलं : "पॅकार्ड नाही, ब्यूइक आहे. आणि १९२३ च्या आधीची असूच शकत नाही." पाठवून झाल्यावर मी काय लिहिलंय ते माझ्या डोक्यात शिरलं. निरोप वाचल्याची खूण आली. बऱ्याच वेळाने उत्तर आलं.

"बरं."

या एका शब्दाने मला पुढचे कितीतरी दिवस स्वस्थ बसू दिलं नाही. आत्या रागावली असती, वाद घातला असता, तर मी पुरावे मांडले असते. पुरावे मांडायची मला सवय आहे. गेली वीसेक वर्षं लोक मला आपापल्या घरातले जुने फोटो दाखवतात आणि विचारतात, ही गाडी कोणती. मी सांगते. गाडीचं नाव कळलं की लोक खूश होतात, साल कळलं की आणखी खूश होतात. त्या सालामुळे एखाद्याच्या भिंतीवरचा माणूस बदलू शकतो, हा विचार मी कधी केलाच नव्हता.

मला हे बघायला शिकवलं ते एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी. मी कॉलेजात होते तेव्हा. त्यांचे डोळे अधू झाले होते, हात मात्र शाबूत होते. जुना फोटो पुढ्यात ठेवायचे आणि रेडिएटरवरच्या नावावर अंगठा दाबून धरायचे. "नाव वाचून कुणीही सांगेल. आता सांग." पहिले काही दिवस मला काहीच सांगता यायचं नाही. चार चाकं, वर टप, पुढे दोन दिवे, सगळ्या गाड्या एका आईच्या लेकी. मग एक दिवस एका फोटोतली रेनो मला एकदम वेगळी दिसली. तिला पुढून नाकच नव्हतं. रेडिएटर इंजिनाच्या मागे, त्यामुळे बॉनेट उपडं ठेवलेल्या सुपासारखं उतरत उतरत पुढे आलेलं. ती दिसली आणि त्यानंतर एकेक चेहरा उघडत गेला. रोल्स-रॉइसचं तोंड म्हणजे ग्रीक देवळाची दर्शनी बाजू. मॉरिसचं १९१३ ते १९२६ पर्यंतचं गोलसर, फुगीर नाक, ज्याला त्यांचे लोक बुलनोज म्हणतात. व्हॉक्सहॉलच्या बॉनेटवर दोन्हीकडून मागे जाणाऱ्या लांब पन्हळी. पिअर्स-ॲरोचे दिवे मडगार्डमधूनच उगवल्यासारखे, दुसऱ्या कुणाचे तसे नाहीत. फ्रँकलिनचं इंजिन हवेने थंड व्हायचं, तिला रेडिएटरची गरजच नव्हती. मिस्त्री म्हणायचे, "आधी तोंड बघ, मग पाय बघ, कपडे शेवटी." कपडे म्हणजे बॉडी. त्या काळात रोल्स-रॉइस नुसती चेसिस, म्हणजे इंजिन आणि चाकांसकटचा सांगाडा, विकायची आणि बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून चढवून घ्यायचं. एकाच कारखान्याच्या दोन गाड्या अंगावरून परक्या वाटाव्यात आणि दोन वेगळ्या कारखान्यांच्या गाड्या सख्ख्या वाटाव्यात, असं सर्रास व्हायचं. त्यामुळे कपड्यांवर जायचं नाही.

पाय बघायला जास्त वेळ लागतो. चाकाचे आरे मोजायचे, पुढचे आणि मागचे वेगवेगळे. आरे लाकडी की तारेचे. तुंब्यावरच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या गोळ्यावरच्या, टोपणावर काही ठसा आहे का. रिमला नट किती. फोटो नेमका बाजूने घेतलेला असेल तर साधी पट्टी लावूनही पुष्कळ कळतं. फोर्डच्या टी मॉडेलच्या पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर १०० इंच, आणि टायर धरून चाकाचा व्यास बराच काळ ३० इंच. म्हणजे फोटो केवढाही असो, ते अंतर चाकाच्या सुमारे ३.३ पट भरायला हवं. भरलं नाही तर ती टी नाही, घरचे काहीही म्हणोत. आणि भरलं तर बहुधा टीच, कारण १९०८ ते १९२७ या काळात ती दीड कोटीहून जास्त बनली. तिच्यातही बारकावे आहेत. पितळी रेडिएटर १९१६ च्या मॉडेलपर्यंत, १९१७ पासून काळं कवच. अमेरिकेत बनलेल्या उघड्या टी मॉडेलला १९१३ ते १९२५ पर्यंत चालकाच्या बाजूला दारच नसायचं, पत्र्यावर नुसता दाराचा आकार उठवलेला. ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांत उजव्या स्टेअरिंगच्या गाड्या जायच्या त्या कॅनडातून, आणि तिथल्या गाड्यांचं ते दार खरोखर उघडायचं. कुणाच्या तरी आजीचा फोटो असतो, तिचा हात दारावर असतो, आणि त्या हाताखालची एक फट सांगते की गाडी कुठून आली.

सालासाठी मी दिवे बघते. पितळी, मोठे, आणि फूटबोर्डवर एक डबा, त्यातून निघालेली रबरी नळी : म्हणजे गॅसचे दिवे. त्या डब्यात कार्बाइड असायचं, त्यावर थेंब थेंब पाणी. मिस्त्रींकडे असा एक दिवा होता. एकदा संध्याकाळी त्यांनी तो पेटवला. आधी पाणी टाकल्यावरची सुरसुर, मग सडक्या लसणासारखा उग्र वास, आणि मग इतका पांढरा उजेड की भिंतीवरच्या हत्यारांच्या सावल्या कात्रीने कापल्यासारख्या कडक पडल्या. जुन्या फोटोत तो डबा दिसला की अजून मला तो वास येतो. कॅडिलॅकने १९१२ च्या मॉडेलला विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे दिले आणि पुढच्या काही वर्षांत हा सगळा सरंजाम गाड्यांवरून उतरला. पुढच्या सीटला दार नसेल तर गाडी साधारण १९११-१२ च्या आधीची. टायर पांढुरके असतील तर तेही जुनेपणाचं लक्षण, तेव्हा रबरात झिंक ऑक्साइड घालायचे. काजळी घालून टायर काळे आणि टिकाऊ करायची पद्धत नंतर रुळली. या प्रत्येक खुणेत एक मेख आहे. गाडी फोटोची एकच बाजू बांधते. अमुक सालाच्या आधीचा नाही, एवढं ती छातीठोकपणे सांगते. नंतरचा किती, हे तिला माहीत नसतं. जपून वापरलेली गाडी पंधरा-वीस वर्षंही चालायची, आणि मालक तिला नवे दिवे, नवी चाकंही बसवायचे.

आणि फोटोही दर वेळी खरं बोलतो असं नाही. त्या काळी फोटो ज्यांवर घ्यायचे त्या निगेटिव्हच्या काचा लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या आणि निळ्याला फार लवकर भुलायच्या. लालभडक मोटार फोटोत काळी येते, आकाशी निळी पांढरट येते. काळी दिसली म्हणून काळीच होती असं कुणी म्हणू नये. काच उलटी ठेवून छापली तर डावं-उजवं बदलतं. मी एकदा यात सपशेल फसले आहे. एका कुटुंबाने दाखवलेल्या फोटोत स्टेअरिंग डावीकडे होतं, त्यावरून मी सांगून टाकलं की फोटो परदेशातला असणार. त्यांच्या घरात त्यावरून केवढी शोधाशोध झाली, परदेशी कोण गेलं होतं, कधी, कशासाठी. दोन महिन्यांनी तोच फोटो पुन्हा हातात आला तेव्हा चालकाच्या कोटाची बटणं उलट्या बाजूला दिसली. फोटोच उलटा छापला होता. मी त्यांना फोन करून चूक कबूल केली, तेव्हा पलीकडून जो निःश्वास ऐकू आला त्यात सुटका होती की निराशा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तेव्हापासून मी आधी बटणं बघते.

आत्याच्या फोटोत बटणं बरोबर होती.

तोंड पॅकार्डचं वाटत होतं हे खरं. पॅकार्डच्या रेडिएटरचे वरचे दोन खांदे एका खास वळणाने खाली येतात, त्याला बैलाच्या जूची उपमा देतात. एकदा ओळखीचं झालं की ते वळण विसरत नाही. इथेही ते होतं, पण किंचित सैल, एखाद्याची सही दुसऱ्याने गिरवावी तसं. मग तुंबा पाहिला. पॅकार्डच्या टोपणावर षटकोन असतो. इथे टोपण साधं गोल होतं, मध्ये काही अक्षरांचा धूसर पट्टा. ब्यूइकने १९२४ च्या मॉडेलला जो नवा रेडिएटर दिला तो पॅकार्डशी इतका जुळणारा होता की तेव्हाही लोकांची गल्लत व्हायची. ती मॉडेलं बाजारात आली १९२३ च्या उत्तरार्धात. इथपर्यंत माझा नुसता कयास होता. नक्की झालं ते पुढच्या चाकामुळे.

पुढच्या चाकाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण या खुणेवर माझा सगळ्यात जास्त जीव आहे. त्या काळातल्या बहुतेक गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असायचे. म्हणून मागच्या चाकाच्या आऱ्यांमागे ब्रेकचा ड्रम दिसतो, थाळीएवढा काळा गोल. पुढच्या चाकामागे काही नसायचं. बारीकसा आस सोडला तर सगळं मोकळं. फोटो मोठा केला की लाकडी आऱ्यांमधून पलीकडचं गवत दिसतं, रस्त्याची खडी दिसते, एकदा तर मला पलीकडे बसलेल्या कुत्र्याचे पुढचे पाय दिसले होते. मिस्त्री म्हणायचे, "पुढच्या चाकातून पलीकडे बघ." इसोटा फ्रास्किनीसारख्या मोजक्या महागड्या युरोपीय गाड्या सोडल्या तर ही खिडकी विसाच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत उघडी राहिली. ब्यूइकने चारही चाकांना ब्रेक दिले ते याच १९२४ च्या मॉडेलपासून. आत्याच्या फोटोत पुढच्या चाकाच्या आऱ्यांमागे काळा गोल होता. पलीकडचं काही दिसत नव्हतं. रेडिएटर एक सांगत होता, चाक तेच सांगत होतं. जुन्या गाडीला मागाहून कुणी ब्रेक बसवले असतील म्हणावं, तर तोंडही मागाहून बदललं असं म्हणावं लागलं असतं. दोन साक्षीदार एकमेकांना न विचारता एकच साल सांगत होते, आणि त्या सालाच्या पाच वर्षं आधी पणजोबा गेलेले होते. त्यांच्या मृत्यूची नोंद आमच्याकडे आहे. त्यात शंका नाही.

त्या रात्री हे जुळलं तेव्हा मला आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू. कोडं सुटल्याचा तो निखळ आनंद असतो, त्यात माणूस कुणाचा काय लागतो हे दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या घरातला फोटोंचा डबा काढला, आणि तिथे मला आजोबा भेटले. तरुण आजोबा दगडाच्या पायरीवर एक पाय ठेवून. लग्नानंतरचे आजोबा एका पडक्या भिंतीच्या कडेला, एक पाय वर. साठी उलटलेले आजोबा, पाय एका कुंडीच्या काठावर, हात खांबाला. प्रत्येक फोटोत तो पाय कशावर तरी आहे आणि एक हात कशाला तरी लागलेला आहे. कुणी त्यांना तसं उभं राहायला सांगितलं नसणार. दारावरच्या त्या माणसासारखं ते आयुष्यभर उभे राहिले. माझे बाबाही तसेच उभे राहतात. माझा शाळेतला एक फोटो आहे, मैदानावरचा, त्यात माझा पाय विटेवर आहे. चार पिढ्या म्हणून मोजत आलो ते एक उभं राहणं, आणि त्याच्या मुळाशी कोण, तर माहीत नाही. मी डबा बंद केला आणि आत्याला फोन करायचा धीर होईना.

आठ-दहा दिवसांनी तिनेच बोलावलं. "भिंग घेऊन ये," म्हणाली. मी गेले तेव्हा तिने फ्रेम खाली काढून ठेवली होती. भिंतीवर त्या जागी रंगाचा एक ताजा चौकोन होता. मागचे बारीक खिळे आम्ही चिमट्याने सरळ केले, पुठ्ठा सोडवला. जुन्या कागदाचा, वाळवीच्या औषधाचा, बंद कपाटाचा असा एक मिळून वास आला. फोटोच्या मागे काही लिहिलेलं असेल अशी मला वेडी आशा होती. मागे काही नव्हतं. गोंदाचे तपकिरी डाग तेवढे. काच नसलेला तो फोटो पहिल्यांदा उघडा पाहिला तेव्हा कळलं, मोबाइलवर किती थोडं दिसलं होतं. कोटाची वीण दिसत होती. बुटाच्या टाचेला लागलेली माती दिसत होती.

"चाक दाखव," आत्या म्हणाली. मी भिंग चाकावर धरलं, ती वाकली. तिचे पांढरे केस माझ्या मनगटावर आले. "इथून पलीकडचं दिसत नाही, एवढ्यावरून?" मी म्हटलं, हो, मुख्यतः एवढ्यावरून. तिने बराच वेळ पाहिलं. मी चुळबुळत सांगायला लागले, की मी असं एकदम लिहायला नको होतं, की पणजोबांचे भाऊ असतील, चुलते असतील, चेहरा तर आपल्यासारखाच आहे. तिने हात वर करून मला थांबवलं.

"बाबांचं साल चौदा," ती म्हणाली. "म्हणजे ही गाडी नवी होती तेव्हा बाबा नऊ वर्षांचे."

मी गप्प झाले. हे गणित माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पणजोबांच्या बाजूने मी पाच वर्षं मोजली होती, आजोबांच्या बाजूने एकही नाही.

"नऊ वर्षांच्या पोराला आठवतं गं सगळं. कोण आलं, कोणाची गाडी, कुठे बसलो." ती सरळ होऊन बसली. "बाबा कधी म्हणाले नाहीत हे माझे वडील. आता आठवतेय तर ते आई म्हणायची. आल्यागेल्याला आई सांगायची, हे मामंजी. बाबा तिथेच असायचे, ते हो म्हणायचे नाहीत आणि नाहीही म्हणायचे नाहीत. ते गाडीबद्दल बोलायचे. हिची सीट चामड्याची होती म्हणायचे, उन्हात तापायची. हिचा भोंगा कसा वाजायचा ते तोंडाने करून दाखवायचे." तिने करून दाखवला. दोन टप्प्यांचा, मध्ये अडकल्यासारखा. मग एकदम माझ्याकडे पाहिलं. "चार वर्षांच्या मुलाला सीट तापल्याचं आठवेल?"

मला उत्तर देता आलं नाही. बाहेर उजेड उतरत होता, म्हणून मी दिवा जवळ ओढला. फोटोच्या काळ्या भागांवर चांदी वर येऊन निळसर चकाकत होती, जुन्या फोटोंना येते तशी. भिंग एका कोनात धरलं तरच त्या चकाकीखालचं काही दिसत होतं. आत्याने माझ्या हातातून भिंग घेतलं. चाक सोडलं, फूटबोर्डवरचा पाय सोडला, त्या माणसाच्या चेहऱ्यावर क्षणभर थांबली आणि मागे सरकली, मागच्या सीटकडे, जिथे टपाची सावली पडून सगळं काळं झालं होतं. तिथे ती थांबली. दिवा थोडा डावीकडे कर म्हणाली. केला. अजून थोडा.

"माझे डोळे आता तेवढे राहिले नाहीत," ती म्हणाली, आणि फोटोवरचं बोट न हलवता भिंग माझ्याकडे दिलं. "इथे बघ. टपाखाली, कडेला. काही आहे का?"